पानिपतची बातमी सावकाराच्या टपालाने आली : हुंडी, कासीद आणि मनिऑर्डर (थ्रेड)

१/
जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे फौजेसह माळव्याच्या वाटेवर होते. उत्तरेत अडकलेल्या सदाशिवरावभाऊंकडून भरवशाची बातमी येईनाशी झाली होती. अशा वेळी वाटेत एक कासीद पेशव्यांच्या लोकांच्या हाती लागला. तो सरकारी जासूद नव्हता, सावकारांचा चाकर होता. त्याच्याजवळचे पत्र पेशव्यांनी उघडवले. त्यात लढाईचे वर्णन नव्हते. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-पैशांच्या खुर्द्याचा हिशेबच लागत नाही, एवढाच मजकूर होता. मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या पराभवाची वार्ता पेशव्यांना जमाखर्चाच्या भाषेत कळली.

२/
ही हकीकत जेम्स ग्रँट डफ याने आपल्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे. त्याच्या मते ही भेट नर्मदा ओलांडताना झाली. पुढील अभ्यासकांनी ती भेलसे, म्हणजे आजचे विदिशा, या परिसरात झाल्याचे मानले. ठिकाणाबद्दल मतभेद असला तरी पत्राच्या अर्थाबद्दल तो नाही. दोन मोती म्हणजे पेशव्यांचे पुत्र विश्वासराव आणि चुलतबंधू सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. खुर्दा म्हणजे ज्यांची नावे कोणत्याही यादीत आली नाहीत अशी हजारो माणसे.

३/
आपण ही गोष्ट शाळेत ऐकतो, हळहळतो आणि पुढे जातो. मात्र तिच्यात एक साधा प्रश्न दडलेला आहे. पेशव्यांच्या पदरी जासूद होते, सांडणीस्वार होते, ठिकठिकाणी वकील होते. तरीही ही बातमी एका पेढीच्या टपालातून का कळावी? सावकाराचा माणूस इतक्या घाईने दक्षिणेकडे का निघाला होता?
या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याकडील एका जुन्या धंद्याचा इतिहास उलगडतो. आज त्या धंद्याची दोन नावे आहेत, बँक आणि कुरिअर. त्या काळी तो एकच होता.

४/
प्रथम थोडे दूर जाऊ. वेल्स फार्गो हे नाव आज बँकेचे म्हणून परिचित आहे. हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो यांनी ही कंपनी १८ मार्च १८५२ रोजी न्यूयॉर्क येथे स्थापन केली, ती मात्र दोन कामांसाठी : कॅलिफोर्नियातील सोन्यावर पेढी चालवणे आणि ते सोने, पत्रे व पार्सले जलद पोहोचवणे. खाणीवरच्या माणसाला सोने विकायचे असे, पैसे घरी पाठवायचे असत आणि घरची खुशालीही हवी असे. तिन्ही गोष्टींसाठी खिडकी एकच. सरकारी टपाल उपलब्ध असतानाही लोक जादा पैसे मोजून या कंपनीमार्फत पत्रे पाठवत.

५/
आपल्याकडे अशी एकच मोठी कंपनी नव्हती. परंतु पैसा आणि पत्र यांना एकाच यंत्रणेतून नेण्याची पद्धत येथे वेल्स फार्गोच्या कितीतरी आधीपासून रुळलेली होती. ती शेकडो पेढ्यांमध्ये विखुरलेली होती. पुणे, नाशिक, वाई, औरंगाबाद, अमरावती, बऱ्हाणपूर, इंदूर, उज्जैन, सुरत, काशी या गावांतील पेढ्या एकमेकींच्या कागदावर पैसे देत. त्या कागदाचे नाव हुंडी.

६/
हुंडी म्हणजे नेमके काय? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्याचा एक गृहस्थ काशीयात्रेला निघाला आहे. पाचशे रुपये कमरेला बांधून शेकडो कोसांचा प्रवास करणे म्हणजे चोराला आमंत्रण. तो पुण्यातील पेढीवर पाचशे रुपये भरतो. पेढी काशीतील आपल्या आडत्याच्या नावे एक चिठ्ठी लिहून देते : हा कागद आणणाऱ्यास इतके रुपये द्यावेत. गृहस्थ कागद घेऊन जातो, काशीला रुपये मोजून घेतो. या सेवेबद्दल पेढी जे घेते ती हुंडणावळ.

७/
वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येईल की हुंडी हे मुळात एक पत्रच आहे. आरंभी श्रीकार, मग ज्याच्यावर हुंडी लिहिली त्या पेढीला नमस्कार, खुशालीची ओळ, त्यानंतर रकमेचा मजकूर आणि शेवटी मिती. चोपडीत चिकटवता येईल एवढा हा कागद. त्यावर राजाचा शिक्का नसे. त्याला मोल येई ते लिहिणाऱ्या हातामुळे. समोरच्या पेढीला ते अक्षर ओळखता आले पाहिजे आणि त्या अक्षराच्या मालकाची पत शाबूत असली पाहिजे.

८/
लबाडी टाळण्याच्या युक्त्याही कागदातच होत्या. रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरांत लिहीत आणि शिवाय तिची निमपट सांगून ‘त्याची दुप्पट’ असेही लिहीत. पाचशेच्या हुंडीत अडीचशेचा उल्लेख हवाच. कोणी पाचशेपुढे शून्य वाढवले, तरी निमपट जुळत नसे.
हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पैठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपैठ. एका रकमेवर दोनदा पैसे जाऊ नयेत म्हणून आधीच्या कागदाचा दाखला पुढच्या कागदात दिलेला असे.

९/
हुंडीचे प्रकार पाहिले की व्यापाऱ्यांच्या विचारांची बारकाई कळते.
दर्शनी हुंडी : दाखवताक्षणी पैसे.
मुदती हुंडी : ठरलेल्या दिवसांनंतर पैसे.
शाहजोग हुंडी : बाजारात ज्याला प्रतिष्ठित म्हणून ओळखतात अशाच व्यक्तीच्या हाती पैसे. चोराला ती सापडली तरी उपयोग शून्य.
जोखमी हुंडी : माल सुखरूप पोहोचला तरच पैसे. वाटेत गलबत बुडाले तर कागदही बुडाला. म्हणजे कर्ज, पैशाची पाठवणी आणि विमा हे तिन्ही व्यवहार एकाच चिठ्ठीत.

१०/
आता रुपयांचा घोळ. त्या काळी ‘रुपया’ म्हणून एकच नाणे नव्हते. चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा, प्रांतोप्रांतीच्या टांकसाळींचे आणखी वेगळे. वजन आणि चांदीचा कस यांनुसार एकाला दुसऱ्याच्या तुलनेत कमी मोल मिळे. ही वजावट म्हणजे बट्टा. हुंडीत कोणता रुपया द्यायचा हे लिहावे लागे.
‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. ‘पत जाणे’, ‘दिवाळे वाजणे’ हेही त्याच बाजारातून घरात आलेले शब्द आहेत. मराठी माणूस व्यापारात नव्हता असे बेधडक म्हणण्यापूर्वी आपल्या भाषेकडे एकदा पाहावे.

११/
येथे टपालाचा मुद्दा येतो. दर्शनी हुंडी समोर आली की पैसे मोजावे लागत. ती खरी आहे की बनावट, हे काशीच्या पेढीला कसे कळावे? त्यासाठी पुण्याची पेढी वेगळे सूचनापत्र धाडी. ते हुंडीच्या आधी पोहोचणे इष्ट. शिवाय हुंडणावळीचा दर रोज हले. कोठे फौज उतरली, कोठे पीक बुडाले, कोणती पेढी डळमळली, यावर तो ठरे. ही बातमी ज्याला आधी मिळे तो तरे, ज्याला उशिरा मिळे तो बुडे. म्हणून ज्याच्याकडे पेढी, त्याच्याकडे वेगवान कासीद असणे ओघानेच आले.

१२/
निरोप नेणाऱ्यांची नावेही अनेक. सरकारी बातमीदार तो जासूद. पत्र घेऊन धावणारा तो कासीद किंवा हरकारा. पत्र पोहोचवण्याच्या मजुरीला अजुरा म्हणत, त्यावरून अजुरदार.
ग्रँट डफच्या हकिकतीतील कासिदाला पानिपतहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोहोचण्याची मुदत होती. हे अंतर हजार किलोमीटरहून पुष्कळ अधिक आहे, म्हणजे दिवसाला शंभराहून जास्त किलोमीटर. टप्प्याटप्प्यावर व्यवस्था असल्याखेरीज हे शक्य दिसत नाही. मुदत पाळली गेली का, हा प्रश्न वेगळा. अशी मुदत घालता येत होती, हीच लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

१३/
पत्र आणि पैशाबरोबर मालाचेही पाहू. मराठीत हुंडेकरी असा एक शब्द आहे, मोल्सवर्थच्या कोशातही तो सापडतो. व्यापाऱ्याचा माल ठरलेल्या ठिकाणी पोहोचवण्याचा, वाटेतील जकाती आणि खर्च भागवण्याचा एकरकमी मक्ता जो घेई, तो हुंडेकरी. अमुक माल, अमुक गाव, अमुक रक्कम ठरली की नाक्यांवरची कटकट त्याची. आजच्या भाषेत ही मालवाहतूक कंपनीच झाली. हे आज आडनाव म्हणून उरले आहे. आपल्या वर्गात एखादा हुंडेकरी असेल, तर त्याला हा अर्थ जरूर सांगा.

१४/
मी हे लिहीत आहे ते सुकापुरातून, म्हणजे पनवेल-माथेरान रस्त्यावरून. येथून जवळच पनवेलचे जुने बंदर. मुंबईहून होडीने खाडीतून पनवेलला यावे, मग खोपोली, बोरघाट, खंडाळा करत पुण्याला चढावे, हा कित्येक पिढ्यांचा रिवाज होता. खोपोलीला नाना फडणीसांनी बांधवलेला तलाव आजही या राबत्याची साक्ष देतो. घाटावरचा माल आणि बंदरावरचा पैसा पनवेलच्या बाजारात भेटत. मुंबई-पुणे महामार्गावर वाहने खोळंबली की मला हेच आठवते : रस्ता तोच, घाईही तीच.

१५/
आता पेशवाईच्या तिजोरीकडे वळू. सरकारला पैसा आज हवा असे, सारा मात्र पीक आल्यावर वसूल होई. यावर उपाय म्हणजे रसद. कमाविसदाराची नेमणूक होताना अपेक्षित वसुलीचा काही भाग त्याने आगाऊ भरायचा. त्याच्याजवळ एवढी रोकड कोठून असणार? तो सावकाराकडून कर्ज घेई. पुढे गावोगावचा सारा गोळा होई, सावकाराचे देणे व्याजासह फिटे आणि बाकीची रक्कम हुंडीने पुण्याला येई. माळव्यात वसूल झालेले रुपये बैलांवर लादून सगळेच्या सगळे पुण्याला आणावे लागत नसत.

१६/
या व्यवस्थेमुळे स्वारीला वेग आला, त्याचबरोबर राज्य सावकारांचे बांधील झाले. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाच्या ओझ्याचा त्रागा वारंवार दिसतो, आणि स्वामी स्वतःही त्यांच्या धनकोंपैकी एक होते. बारामतीकर बाबूजी नाईकांसारखे सावकार तर दरबारातील राजकारणात उतरले. रणांगणावरील बाजीराव आपल्याला पाठ असतात, देणेकऱ्यांना तोंड देणारे बाजीराव फारसे कोणी सांगत नाही. मोहिमेचा वेग घोड्यांच्या टापांइतकाच कर्जाच्या मुदतींवर अवलंबून होता.

१७/
आता पहिल्या पोस्टमधील कासिदाकडे परत जाऊ. भाऊसाहेबांच्या फौजेचा खर्च उधारीवर आणि उत्तरेतून मिळेल त्या वसुलीवर चालला होता. ती फौज बुडाली म्हणजे तिच्या भरवशावर लिहिलेला प्रत्येक कागद धोक्यात आला. औरंगाबादच्या पेढीला ही वार्ता बाजारात पसरण्यापूर्वी समजणे जीवनमरणाचे होते. म्हणून कासिदाला मुदत, आणि म्हणून मजकूर मोती-मोहरांत. पत्र कोणी उघडलेच तर त्याला एखाद्या सराफाचा हिशेब दिसावा. माझ्या वाचनानुसार त्या पत्रातील सांकेतिकता काव्यासाठी नव्हती, धंद्यासाठी होती.
नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले.

१८/
हुंडीवाचून प्रवास किती कठीण होता, याचे उदाहरण आमच्या शेजारच्या तालुक्यातच आहे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात ते एकाहून अधिक वेळा लुटले गेल्याचे दिसते. मिळवलेले द्रव्य गेले, गंगेची कावड तेवढी घरी आली. गाठीला रोकड असलेला माणूस वाटेवर किती उघडा असतो, हे त्या पुस्तकाहून चांगले क्वचितच कोणी सांगितले असेल.

१९/
कागदाने सारेच काम भागत नसे. दोन बाजारांतील देणे-घेणे फार असमान झाले की प्रत्यक्ष सोने-रूपे हलवावेच लागे. माळव्याच्या अफूचा पैसा मुंबईहून इंदूरकडे खानदेशमार्गे जाई. तो नेणारे लोक साध्या वेषात, थोड्या संख्येने चालत. १८२० च्या दशकात ठगांनी अशा टोळ्या गाठून मारल्याचे विल्यम स्लीमनने नोंदवले आहे. त्याच्याच लिखाणात अमरावतीचे सावकार धनराज शेठ भेटतात. गेलेली रक्कम परत मिळवण्यासाठी त्यांनी स्वतःचा गुमास्ता ठगांच्या मागावर लावला होता. सरकारचा हात पोहोचण्याआधी पेढीचा हात पोहोचला.

२०/
ईस्ट इंडिया कंपनीला या यंत्रणेचे महत्त्व उशिरा कळले असे समजू नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारचा खर्च उत्पन्नाहून अधिक असे आणि पैसा बंगालमधून मागवावा लागे. बंगालवर लिहिलेले कागद घेऊन मुंबई-सुरतेत रोकड मोजणारे सावकार कंपनीला मिळाले, त्यांत सुरतेच्या त्रवाडी अर्जुनजी नाथजी यांची पेढी अग्रेसर होती. मराठ्यांविरुद्धच्या युद्धांत कंपनीच्या पलटणींना वेळेवर पगार मिळाले, त्यामागे अशी देशी पतही होती. कवायती फौजेचे कौतुक करताना तिचा पगार कोणाच्या हुंडीने झाला, हेही विचारले पाहिजे.

२१/
१८१८ साली पेशवाई संपली. पेढ्या लगेच बुडाल्या नाहीत. त्यांना पहिला मोठा धक्का बसला तो कायद्याचा. १८३७ च्या टपाल कायद्याने कंपनीच्या मुलखात पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. व्यापाऱ्यांची स्वतःची डाक, जिला महाजनी डाक म्हणत, ती बेकायदा ठरली. पेढी राहिली, तिचे पाय गेले. बातमी आता सर्वांना एकाच सरकारी थैलीतून मिळू लागली. पेढीची एक शक्ती, म्हणजे इतरांआधी जाणण्याची, तेथून ओसरू लागली.

२२/
त्यापुढचे बदल झपाट्याचे होते.
१८३० : बोरघाटातील गाडीरस्ता खुला.
१८५२ : बार्टल फ्रिअरने सिंध प्रांतात टपालाची तिकिटे काढली.
१८५३ : मुंबई-ठाणे रेल्वे.
१८५४ : हिंदुस्थानभर एकसमान टपालदर, सर्वांत हलक्या पत्राला अर्धा आणा.
१८६३ : बोरघाटातून रेल्वे.
या शेवटच्या घटनेने आमच्या पनवेलला मागे टाकले. गाडी कल्याण-कर्जतवरून गेली आणि पुण्याच्या वाटेवरचे बंदर आडवाटेला पडले.

२३/
सावकाराची ही कहाणी सांगताना त्याला नायक करण्याचा मोह टाळला पाहिजे. हुंडी लिहिणारा हात आणि कुणब्याचे कर्जखत लिहिणारा हात पुष्कळदा एकच होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जखते बाहेर काढून त्यांनी जाळली. व्यापाऱ्यासाठी जो कागद विश्वासाचा, तोच अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यासाठी फासाचा होता. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा या उठावातून आला.

२४/
मग १८८० उजाडले आणि टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली. दोनच वर्षांनी, १८८२ साली, टपाल बचत बँक आली. पत्र, पार्सल, पैसे पाठवणे आणि ठेव ठेवणे ही चारही कामे पुन्हा एका खिडकीवर आली. पेढी आणि कासीद यांची जी जोडी कायद्याने फोडली होती, तीच जोडी आता सरकारने स्वतः चालवायला घेतली. फरक एवढाच की आता पाच रुपये पाठवणाऱ्या गिरणी कामगारालाही तिथे उभे राहता येत होते. पूर्वीची पेढी अशा माणसाला सहसा दारात घेत नसे.

२५/
हुंडी मात्र कायद्याने मेली नाही. १८८१ चा पराक्राम्य संलेख अधिनियम, ज्यावर आजचे धनादेश चालतात, त्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतील कागदांबाबतच्या स्थानिक रूढींना अभय दिलेले आहे. शतकानुशतके बाजाराने जे नियम तोंडी जपले होते, त्यांच्यापुढे कायदा करणाऱ्यांनी थांबणे पसंत केले. मुंबईच्या हिरेबाजारात विश्वासावर पुडकी नेणारे अंगडिये आजही आहेत. ती या परंपरेची दूरची शाखा म्हणता येईल.

२६/
अमेरिकेत काय झाले? वेल्स फार्गोची बँक आणि जलद वाहतूक १९०५ साली वेगळ्या झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, तेथील सरकारने सर्व मोठ्या वाहतूक कंपन्यांचे एकत्रीकरण घडवले आणि वेल्स फार्गोकडे केवळ बँक उरली. आपल्याकडे हा काडीमोड १८३७ साली झाला. तेथील कंपनीने आपला इतिहास जपला, घोडागाडी चिन्ह म्हणून मिरवली, संग्रहालये उभारली. आपल्या पेढ्यांचे नावही त्यांच्या गावात कोणाला आठवत नाही.

२७/
कोकणाला मनिऑर्डरचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या पैशावर गावाकडची चूल चालली. माझ्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत मनिऑर्डरच्या फॉर्मचे काही तुकडे जपून ठेवलेले होते. रक्कम तिने कधीच खर्च केली होती, तिने ठेवला होता तो खालचा मजकुराचा भाग. दोन ओळींची ती जागा : पैसे पाठवले आहेत, छपराचे काम करून घे, गणपतीला येतो. लहानपणी मला ते रद्दी कागद वाटत. हुंडीचा अभ्यास सुरू झाल्यावर उमगले की खुशाली आणि रुपये एकाच कागदावर येण्याची ही रीत किती जुनी आहे.

२८/
आता मूळ मुद्दा. पेशवाईतील लढायांवर आपण वाद घालतो, कारण लढायांचे कागद सरकारी दफ्तरांत टिकले. पेढ्यांचे कागद घरांत राहिले. चोपड्या, खतावण्या, वटवलेल्या हुंड्या, सूचनापत्रे. त्यांतील बहुतेक मोडीत, काही महाजनी लिपीत. घरातील कोणाला ती वाचता येत नाही म्हणून वाडा पाडताना ते गाठोडे रद्दीत जाते. परिणामी आपल्या पैशाचा इतिहास मोठ्या प्रमाणावर कंपनीच्या पत्रव्यवहारातून लिहावा लागतो. ज्यांनी कर्ज दिले त्यांच्या तोंडून तो फार कमी ऐकू येतो, आणि ज्यांनी कर्ज फेडले त्यांच्या तोंडून तर जवळजवळ नाहीच.

२९/
म्हणून एक विनंती. गावच्या घरी माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या असतील तर त्या उघडून पाहा. मोडी येत नसेल तर फोटो काढा, पानांचा क्रम बदलू नका, चिकटपट्टी लावू नका. जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागात किंवा मोडीच्या वर्गात दाखवा. निव्वळ हिशेब आहेत म्हणून टाकून देऊ नका. ज्या पत्राने पेशव्यांना पानिपत सांगितले, तेही वरवर पाहता निव्वळ हिशेबच होते.

३०/
 चूक आढळली तर आधारासह अवश्य सांगा, दुरुस्ती याच थ्रेडखाली जोडेन. आणि आपल्या घरी मनिऑर्डरचा एखादा जुना तुकडा असेल, तर त्यावरच्या दोन ओळी काय होत्या, तेवढे खाली लिहा. रक्कम सांगितली नाही तरी चालेल.